‘द हॉन्टिंग’: १९६३चा मूळ चित्रपट की १९९९चा रिमेक? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रॉबर्ट वाइज यांचा ‘द हॉन्टिंग’ भयपटांच्या प्रत्येक यादीत असतो. यान द बाँट यांनी १९९९ साली केलेला रिमेक टीव्हीवर आणि नंतर ओटीटीवर बघून मोठी झालेली पिढी मग मूळ चित्रपट शोधून काढते आणि विचारते, “यात एवढं काय आहे?” हा प्रश्न रास्त आहे. तो वेगवेगळ्या तोंडून ज्या ज्या रूपात ऐकला, त्या सगळ्यांची उत्तरं इथे देत आहे. दोन्ही चित्रपटांचे शेवट यात उघड होतात, तेव्हा पाहिले नसतील तर आधी निदान जुना तरी पाहून या.

एका वाक्यात सांगा: जुना चांगला की नवा?

जुना, आणि तोही फार मोठ्या फरकानं.

गोष्ट दोन्हींची सारखीच आहे ना?

मूळ एकच आहे, शर्ली जॅक्सन यांची १९५९ची कादंबरी. अमेरिकेतल्या न्यू इंग्लंड भागात हिल हाउस नावाची बदनाम हवेली. तिथे खरंच काही आहे का, याचा अभ्यास करायला एक प्राध्यापक काही माणसं गोळा करतो. १९६३मध्ये हे डॉ. मार्कवे (रिचर्ड जॉन्सन). त्यांच्यासोबत तिघं: लहानपणी जिच्या घरावर दगडांचा पाऊस पडला होता ती एलिनॉर (जुली हॅरिस), दुसऱ्याच्या मनातलं ओळखणारी थिओडोरा (क्लेअर ब्लूम) आणि हवेलीच्या मालकिणीचा भाचा ल्यूक (रस टॅम्बलिन).

रिमेकमध्ये माणसं तीच राहतात, पण निमित्त बदलतं. डॉ. मॅरो (लियाम नीसन) लोकांना निद्रानाशाच्या अभ्यासासाठी म्हणून बोलावतो आणि गुपचूप भीतीवर प्रयोग करतो. कल्पना वाईट नाही. खोटं बोलून बोलावलेली माणसं आणि खरंच झपाटलेलं घर, यातून चांगला चित्रपट निघू शकला असता. पण अर्ध्या वाटेत पटकथा हा धागा सोडूनच देते.

जुन्या चित्रपटाची कीर्ती “भूत दाखवलंच नाही” म्हणून आहे ना?

बहुतेक जण हेच कारण सांगतात आणि मला ते अपुरं वाटतं. भूत न दाखवणारे कंटाळवाणे चित्रपट ढिगानं आहेत. न दाखवणं ही पद्धत झाली. ती इथे कामी आली, कारण न दाखवलेली गोष्ट कुणाची आहे हे आपल्याला ठाऊक असतं. ती एलिनॉरची आहे.

एलिनॉरनं अकरा वर्षं अंथरुणाला खिळलेल्या आईचं केलं. आईला काही हवं असलं की ती भिंतीवर ठोकायची. एका रात्री तिनं ठोकलं, एलिनॉर गेली नाही आणि आई गेली. आपण झोपेत होतो की जागे राहूनही उठलो नाही, हे तिला स्वतःलाच नक्की सांगता येत नाही. आता ती बहिणीच्या घरी बाहेरच्या खोलीतल्या कोचावर झोपते. गाडीत तिचा निम्मा पैसा आहे, तरी गाडी न्यायला बहीण परवानगी देत नाही. अशी बाई आपल्याकडे जवळपास प्रत्येक नात्यागोत्यात असते. लग्न राहून गेलेलं, आजारी आईवडिलांचं सगळं केलेलं, आणि ते गेल्यावर जिला कुठल्याच घरात हक्काची जागा उरलेली नाही अशी. मराठी प्रेक्षकाला एलिनॉर कोण, हे समजावून सांगावं लागत नाही.

आता हवेलीचा इतिहास बघा. ह्यू क्रेननं ती बांधली. त्याची पहिली बायको घर नजरेस पडण्याआधीच मेली, तिची घोडागाडी झाडावर आदळली. दुसरी जिन्यावरून पडून गेली. मुलगी अ‍ॅबिगेल आपल्या लहानपणीच्या खोलीतच म्हातारी झाली. मरताना ती काठीनं भिंतीवर ठोकून सोबतिणीला बोलावत होती आणि सोबतीण खाली गड्याबरोबर होती. ती आली नाही. पुढे हवेली त्याच सोबतिणीला मिळाली आणि तिनं ग्रंथालयातल्या गोल जिन्यावर चढून गळफास घेतला.

पहिल्या रात्री हवेलीत जेव्हा भिंतींवर धडाधड ठोकण्याचा आवाज येतो, तेव्हा अर्धवट झोपेतली एलिनॉर सवयीनं आईला ओ देते. माझ्या मते या प्रकारच्या चित्रपटांत याहून अचूक भीतीचा क्षण नाही. आवाज भुताचा असेल, पण तो तिच्या नावचा आहे. न दिलेल्या हाकेचा जाब घर विचारतं आहे. हे कळलं की पुढचा प्रत्येक ठोका आपल्याही छातीत बसतो.

पण नुसत्या आवाजावर चित्रपट कसा पेलतो? तांत्रिक बाजू काय आहे?

वाइज मुळात संकलक. ‘सिटिझन केन’चं संकलन त्यांचं. दिग्दर्शनात त्यांना पहिली संधी दिली ती निर्माते व्हाल ल्यूटन यांनी, आणि ल्यूटन यांचे १९४०च्या दशकातले कमी खर्चाचे भयपट सावल्या आणि आवाजांवरच उभे होते. म्हणजे १९६३मध्ये वाइज यांना ही युक्ती अचानक सुचली नव्हती, त्यांची तालीम त्यातच झाली होती. ‘वेस्ट साइड स्टोरी’ आणि ‘द साउंड ऑफ म्युझिक’ या दोन भव्य रंगीत संगीतपटांच्या मधे त्यांनी हट्टानं हा कृष्णधवल चित्रपट केला.

त्यातल्या चार गोष्टी लक्ष देऊन बघण्यासारख्या आहेत.

कॅमेऱ्याचं भिंग. वाइज यांना पॅनाव्हिजनकडून खूप रुंद दृश्य पकडणारं भिंग हवं होतं. कंपनीकडे ३० मिलिमीटरचं होतं, पण ते अजून तयार झालेलं नव्हतं, कडा वाकवत होतं. त्यात दोष आहे हे मान्य असल्याचं लिहून घेऊनच त्यांना ते दिलं गेलं. त्यांना दोषच हवा होता. हवेलीतल्या सरळ भिंती किंचित फुगलेल्या आणि दारांच्या चौकटी कललेल्या दिसतात त्या या भिंगामुळे. जॅक्सन यांच्या कादंबरीतही त्या घरात एकही कोपरा काटकोनात नाही.

बाहेरून दिसणारी हवेली. ती इंग्लंडमधल्या स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हनजवळचं एटिंग्टन पार्क. तिची काही दृश्यं अवरक्त (इन्फ्रारेड) फिल्मवर घेतली आहेत, त्यामुळे दगड आणि आकाश यांचा नेहमीचा उजेड-सावलीचा हिशेब बिघडतो. दिवसाढवळ्यासुद्धा ती इमारत बघवत नाही.

आतलं नेपथ्य. ते बोरहॅमवुडच्या स्टुडिओत उभारलं आणि खोल्यांना छत ठेवलं. त्या काळी वरून दिवे लावता यावेत म्हणून सेटला सहसा छत नसे. इथे कॅमेरा खालून वर बघतो आणि छत डोक्यावर येतं. कलावंतांची कोंडी बरीचशी तिथून येते.

आणि दार. चौघं दिवाणखान्यात बसलेले असताना बंद लाकडी दार आत फुगतं, परत जातं, पुन्हा फुगतं. थरांच्या लाकडाचं दार आणि मागून जोर लावणारा माणूस, एवढंच. आज इतक्या वर्षांनीही ते बघताना आपण मागे सरकतो, कारण ते खरं लाकूड खरंच वाकतंय हे डोळ्यांना कळतं. शिवाय अशा प्रसंगांत आधी ध्वनिमुद्रित केलेले आवाज सेटवर प्रत्यक्ष वाजवले गेले. चेहऱ्यांवरचं दचकणं कशाला तरी दिलेलं उत्तर आहे.

तो हाताचा प्रसंग एवढा का गाजला?

रात्र. एलिनॉर अंथरुणात आहे. भिंतीपलीकडून कुणी पुरुष पुटपुटतो आहे, बाई हसते आहे, मग मूल रडायला लागतं. तिनं थिओचा हात घट्ट धरला आहे. कॅमेरा भिंतीवरच्या नक्षीवरून हलत नाही आणि बघता बघता त्या वेलबुट्टीत चेहरा दिसायला लागतो. मुलाचं रडणं असह्य होऊन एलिनॉर ओरडते, दिवा लागतो आणि थिओ खोलीच्या पलीकडच्या टोकाला असते. मग हातात हात कुणाचा होता?

यात दाखवलंय काय? एक भिंत आणि एक बाई. पण रचना बघा. त्या क्षणी एलिनॉरला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी हात धरून साथ देत होतं. ती साथच हवेलीची निघते. भीती आणि आधार एकाच हातातून येतात. वाइज यांना एलिनॉर किती नीट समजली होती याचा हा पुरावा.

हे सगळं तिच्या मनाचेच खेळ आहेत असं म्हणता येईल ना?

पटकथाकार नेल्सन गिडिंग यांनाही आधी तसंच वाटलं होतं: हवेली म्हणजे इस्पितळ, डॉक्टर म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ आणि सगळी गोष्ट एका कोसळलेल्या मनाची. ते आणि वाइज व्हरमाँटमधल्या बेनिंग्टनला जाऊन शर्ली जॅक्सन यांना भेटले. कल्पना चांगली आहे, पण मी खरोखरच्या अमानवी शक्तीबद्दल लिहिलं होतं, असं त्यांचं उत्तर होतं. गिडिंग यांनी मग तो सरळ अर्थ सोडला, तरी त्याची छाया पटकथेत राहिली.

ती राहिली म्हणूनच चित्रपट इतका अस्वस्थ करतो. दार सगळ्यांसमोर फुगतं, ठोके सगळ्यांना ऐकू येतात. तेव्हा “तिला भास झाले” असं म्हणून सुटता येत नाही. उलट हवेली तिच्याइतकी दुसऱ्या कुणाच्या मागे लागत नाही. भिंतीवर “एलिनॉरला घरी यायला मदत करा” असं लिहिलेलं सापडतं. घर तिला मारायला निघालं आहे की तिला बोलावतं आहे? आणि बोलावत असेल, तर तिला जावंसं का वाटतं?

मी पाहिला. कंटाळा आला. माझ्यात काही कमी आहे का?

मुळीच नाही. चित्रपटात उणिवा आहेत आणि चाहत्यांनी त्या झाकू नयेत. एलिनॉरच्या मनातले विचार पार्श्वभूमीला बोलून दाखवले जातात. गाडी चालवतानाचा तो लांबलचक मनोव्यापार मलाही जड जातो. जुली हॅरिसच्या चेहऱ्यावर जे आधीच दिसतं आहे, तेच आवाज पुन्हा सांगतो. डॉ. मार्कवे मधूनमधून व्याख्यान देतात. ल्यूकचे विनोद तेव्हाच्या प्रेक्षकाला हलकं करायला असतील, आज ते नुसते मधे येतात. प्रदर्शित झाला तेव्हाही परीक्षणं संमिश्रच होती. पुढे दर दशकात नवे प्रेक्षक मिळत गेले आणि २००९ साली मार्टिन स्कोर्सेसी यांनी आपल्या सर्वांत भीतीदायक चित्रपटांच्या यादीत त्याला पहिलं स्थान दिलं.

एक मात्र विचारतो. कसा पाहिलात? मोबाइलवर, लोकलच्या गर्दीत, मधे मेसेज वाचत? हा चित्रपट निम्मा कानांनी पाहायचा आहे. रात्री, दिवे बंद करून, चांगल्या हेडफोनवर किंवा स्पीकरवर पुन्हा एकदा बघा. त्यानंतरही आवडला नाही, तर तुमचं मत तुमचं.

रिमेक नेमका कुठे फसला? ग्राफिक्स वाईट होते म्हणून?

नाही. ग्राफिक्स त्या काळाच्या मानानं महागडे आणि काही ठिकाणी देखणे होते. लाकडात कोरलेल्या बाळांचे चेहरे भाव बदलतात, खिडकीच्या पडद्यात मुलाचा आकार उमटतो, छत वाकून चेहरा होतं. पण हे सगळं पहिल्यापासून सुरू होतं आणि वाढतच जातं. घर काय करू शकतं हे तासाभरात दाखवून झालं की प्रेक्षकाला कल्पना करायला काही उरत नाही.

तरी खरी चूक पटकथेतली आहे. रिमेकमध्ये ह्यू क्रेन हा गिरण्यांत राबणाऱ्या मुलांचा जीव घेणारा राक्षस ठरतो आणि नेल, म्हणजे इथली एलिनॉर (लिली टेलर), त्याच्या दुसऱ्या बायकोच्या वंशातली निघते. हवेलीत अडकलेल्या मुलांच्या आत्म्यांना सोडवणं ही तिची कामगिरी. म्हणजे नेलला घराचं बोलावणं येतं ते सत्कार्यासाठी. तिथेच सगळं संपलं. मूळ एलिनॉरला घर हवंसं वाटतं ते दुसरीकडे कुठेच तिची कुणाला गरज नाही म्हणून. तिच्या ओढीत स्वार्थ आहे, हट्ट आहे, थोडं वेडही आहे. त्या ओढीला पुण्याचं काम करून टाकलं की एलिनॉर सोज्वळ होते आणि घर साधा खलनायक होतं. मग शेवटी त्या खलनायकाशी मारामारी करण्यावाचून पर्याय उरत नाही, आणि द बाँट तीच करतात. ‘स्पीड’ आणि ‘ट्विस्टर’च्या दिग्दर्शकाला ती करताही येते. पण तो वेगळा चित्रपट झाला.

दोन्ही शेवट जरा समजावून सांगाल का?

१९६३: एलिनॉरची अवस्था बघून डॉ. मार्कवे तिला परत पाठवायचं ठरवतात. ती जायला तयार नसते. गाडीत एकटी बसते, निघते, आणि स्टिअरिंग जणू आपोआप वळायला लागतं. आधी ती घाबरते आणि मग तिला बरं वाटतं, शेवटी आपल्याला काहीतरी घडतंय म्हणून. गाडी त्याच झाडावर आदळते जिथे पहिली मिसेस क्रेन मेली होती. चित्रपट सुरू होतो तेव्हा हवेलीचं वर्णन डॉ. मार्कवे करतात. शेवटी जवळपास तेच शब्द एलिनॉरच्या आवाजात येतात, आणि आता त्यात “आम्ही” आहे. इथे वावरणारे आम्ही, एकटेच वावरतो. तिला घर मिळालं, सोबत मात्र मिळालीच नाही.

१९९९: नेल क्रेनच्या भुताला सामोरी जाते, मुलं मुक्त होतात, तीही मरते आणि प्रकाशात त्यांच्याबरोबर वर जाते.

दोन्हींत ती मरते. पहिल्या मरणानंतर मला कितीतरी वेळ बोलता येत नाही. दुसऱ्यात मला तिचा मोक्ष खराच वाटत नाही, कारण त्यासाठी तिनं काही गमावलेलं दिसत नाही.

रिमेकमध्ये चांगलं असं काहीच नाही?

आहे. लिली टेलर मनापासून काम करते. सुरुवातीच्या काही प्रसंगांत, आई गेल्यावर बहीण तिला घराबाहेर काढू पाहते तिथे, ती खरी एलिनॉर वाटते. लिंकनशरमधल्या हार्लक्स्टन मॅनरची दर्शनी बाजू डोळ्यांत भरते. आतली भव्य नेपथ्यरचना कॅलिफोर्नियात लाँग बीचला, हॉवर्ड ह्यूज यांचं अवाढव्य विमान जिथे ठेवलं होतं त्या घुमटाखाली उभारली होती आणि तिचे एकेक तपशील थांबवून बघण्यासारखे आहेत. जेरी गोल्डस्मिथ यांचं संगीतही आहे. अशी माणसं, असा पैसा हाताशी असून गोष्टीचा गाभा हरवला याचं वाईट वाटतं.

थिओडोराबद्दल दोन्हींत काय फरक आहे?

१९६३मध्ये पडद्यावर काय दाखवावं यावर बंधनं घालणारी हॉलिवूडची आचारसंहिता लागू होती. तरी थिओला स्त्रियांबद्दल ओढ आहे हे क्लेअर ब्लूमच्या नजरेतून आणि एलिनॉरशी झालेल्या एका बोचऱ्या भांडणातून स्वच्छ कळतं. तिचे कपडे लंडनच्या फॅशन डिझायनर मेरी क्वांट यांनी केले होते आणि त्या जुनाट हवेलीत ती लंडनहून आलेल्या वाऱ्यासारखी दिसते. मुख्य म्हणजे ती एलिनॉरला ओळखते, तिच्यावर माया करते आणि तिला दुखावतेही. रिमेकमधली थिओ (कॅथरिन झीटा-जोन्स) आपल्या आवडीबद्दल उघड बोलते, पण पहिल्या भेटीनंतर पटकथेला त्याचं काही पडलेलं नाही. मोकळीक मिळाली आणि व्यक्तिरेखा हरवली.

पण रिमेक चालला होता ना?

हो. सुमारे ८ कोटी डॉलर खर्च, जगभरात सुमारे १७.७ कोटींची कमाई आणि अमेरिकेत पहिल्या आठवड्यात पहिला क्रमांक. शिवाय वाईट चित्रपटांसाठीच्या रॅझी पुरस्कारांची पाच नामांकनंही. पण १९९९चा तोच उन्हाळा आठवा. जुलैतच ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ आला. हातातला कॅमेरा, जंगल, तंबूबाहेरचे आवाज, आणि पडद्यावर एकही भूत नाही. त्यानं रिमेकपेक्षा जास्त कमावलं. ऑगस्टमध्ये ‘द सिक्स्थ सेन्स’ आला, ज्यात भीती एका एकट्या मुलाच्या दुःखातून येते. वाइज यांनी ३६ वर्षांपूर्वी जे दोन मार्ग एका चित्रपटात चालून दाखवले होते, ते दोन्ही त्या उन्हाळ्यात प्रेक्षकांनी डोक्यावर घेतले. म्हणून “नव्या पिढीला सगळं दाखवावंच लागतं” हा रिमेकच्या बाजूनं केला जाणारा युक्तिवाद मला पटत नाही.

म्हणजे रिमेक करूच नयेत?

असं कोण म्हणतं? जॉन कार्पेंटर यांचा १९८२चा ‘द थिंग’ आणि डेव्हिड क्रोनेनबर्ग यांचा १९८६चा ‘द फ्लाय’ हे १९५०च्या दशकातल्या चित्रपटांवरून केलेले आहेत आणि मी ते मूळ चित्रपटांच्या वर ठेवतो. दोघांनीही जुन्या गोष्टीतली एक कमी ओळखली आणि तिथे काम केलं. आपल्याकडे विशाल फुरिया यांनी आपलाच मराठी ‘लपाछपी’ हिंदीत ‘छोरी’ म्हणून २०२१ साली पुन्हा केला. उसाच्या शेतातली ती कोंडी मला मराठीतच जास्त टोचली, तरी विषय काय आहे याचं भान हिंदीतही सुटलेलं नाही.

२०१८ची मालिका या दोघांत कुठे बसते?

माइक फ्लॅनगन यांची ‘द हॉन्टिंग ऑफ हिल हाउस’ ही मालिका कादंबरीतली नावं आणि हवेली घेते आणि एका कुटुंबाची नवीच कथा सांगते. तुलना करायचीच तर ती रिमेकशी करू नका. १९६३च्या चित्रपटातला ल्यूक, रस टॅम्बलिन, तिच्यात एका छोट्या भूमिकेत आहे.

आधी कादंबरी वाचू की चित्रपट बघू?

चित्रपट. कादंबरी वाचून गेलात तर ठोक्यांची वाट बघत बसाल.

घरात मुलं आहेत. कोणता दाखवला तर चालेल?

जुन्या चित्रपटात रक्त नाही. गळफास आणि अपघात आहेत, पण अंगावर येईल असं दृश्य जवळपास नाही. तरी बारा-तेरा वर्षांखालच्या मुलांना तो दाखवू नये असं मला वाटतं, कारण लहान मुलांना ठोक्यांची भीती वाटेल आणि बाकीचं काही कळणार नाही. रिमेकमध्ये एकाचं डोकं धडावेगळं होतं, त्याआधीही बरंच आहे. थोडी मोठी मुलं असतील तर दोन्ही एकाच सुट्टीत दाखवा, जुना आधी, आणि कोणता लक्षात राहिला ते आठवडाभरानं विचारा.